वैराळेबाबूंचा पाचोळा

दत्तात्रेय वैराळे यांचं उभ्या आयुष्यात एकाच माणसाशी पटलं, आणि त्या माणसाशी त्यांचं लग्न झालेलं होतं. बाकी सगळ्यांशी वाकडं. दूधवाल्याशी पाण्यावरून, वीजकचेरीशी बिलावरून, वसाहतीच्या कमिटीशी तर कशावरूनही. मूळचे अकोटचे. रेल्वेत चिकटले आणि सत्ताविसाव्या वर्षी बनारसच्या पार्सल ऑफिसात येऊन पडले, ते परत गेलेच नाहीत. चाळीस वर्षं झाली. शिवपूरकडे रेल्वेतल्या माणसांनीच बांधलेल्या एका वसाहतीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. सगळे त्यांना वैराळेबाबू म्हणतात, आणि ते येताना दिसले की दोन-चार जण फोन कानाला लावून दुसरीकडे बघतात. कारण बाबूंच्या खिशात नेहमी एखादा अर्ज असायचा आणि त्यावर सही करून हवी असायची.

शरदिनीबाईंचं सगळंच उलटं. त्या इथल्याच एका लहान शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवायच्या. वर्षभरात हिंदी आणि दोन वर्षांत भोजपुरी बोलायला लागल्या. शेजारणींच्या गाण्यांना, बारशांना, मुली सासरी निघाल्या की रडायला, सगळीकडे शरदिनीबाई हजर. कार्तिकात महिनाभर पहाटे रिक्षा करून पंचगंगा घाटावर स्नानाला जायच्या, तिथल्या गल्लीतल्या मराठी घरी चहा पिऊन शाळेच्या वेळेला परत यायच्या. बाबू एकदाही बरोबर गेले नाहीत. नदी तिथेच असते, पळून जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

सहा वर्षांपूर्वी त्या घाटाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसल्या आणि उठता येईना. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं की फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपा. जपायचं म्हणजे धूर टाळायचा. उदबत्ती नाही, धूप नाही, फोडणीच्या वेळी स्वयंपाकघरात थांबायचं नाही. बाबूंनी त्या दिवसापासून स्वयंपाक हातात घेतला. वाईट करायचे, पण करायचे.

घरातला धूर बंद झाला. बाहेरच्याचं काय करणार? वसाहतीत शिसव आहे, कडुनिंब आहे, कोपऱ्यावर दोन थोराड पिंपळ आहेत. थंडी पडली की पानं गळायला लागतात ती पार चैत्र संपेपर्यंत. झाडूवाले सकाळी ढीग लावायचे आणि काडी ओढायचे. त्या धगीवर हात शेकत चार माणसं उभी राहायची, गप्पा रंगायच्या. आणि घरात शरदिनीबाई पलंगाची कड धरून, खांदे वर ओढून, एकेक श्वास मागून घेतल्यासारखा घ्यायच्या. हे बघताना बाबूंना भीती वाटायची. भीतीचं काय करायचं हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. रागाचं माहीत होतं, म्हणून ते बाहेर जाऊन भांडायचे.

झाडूवाल्यांशी भांडले. कमिटीला अकरा अर्ज दिले. शेवटी कमिटीचे जुने जाणते गोपीनाथ मिसिर, जे रेल्वेतूनच गार्ड म्हणून निवृत्त झालेले आणि एके काळी रोज संध्याकाळी शरदिनीबाईंच्या हातचा चहा प्यायला येणारे, वैतागून म्हणाले, “बाबूजी, पत्ता है. जलेगा नहीं तो जाएगा कहाँ?”

बाबू घरी आले. पार्सलवाल्या माणसाला हा प्रश्न बरोबर लागला. माल आला की तो कुठेतरी पोचवावा लागतो, नुसता नको म्हणून चालत नाही. पानं जाळायची नाहीत, तर मग ठेवायची कुठे?

दुसऱ्या दिवशी पहाटे, झाडूवाले यायच्या आधी, वैराळेबाबू मफलर गुंडाळून, खराटा आणि सहा पोती घेऊन रस्त्यावर उतरले. वसाहतीच्या बागेला बाग म्हणायचं ते केवळ कुंपण आहे म्हणून. घरं बांधताना उरलेल्या विटांचा चुरा आणि चुना तिथेच पसरलेला, गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. तिच्या एका कोपऱ्यात, आपल्या खिडकीसमोरच, बाबूंनी विटांचं कडं केलं आणि त्यात पानं ओतायला सुरुवात केली. पहिलं वर्ष वाया गेलं. ढीग नुसता वाळत राहिला, वारा आला की पानं परत रस्त्यावर. मग एका रोपवाटिकेच्या माळ्याने त्यांना सांगितलं की पानांना ओल लागते आणि हवा लागते, आणि मधूनमधून थोडी माती. बाबूंनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकलं. पाणी शिंपडू लागले, पायाने दाबू लागले, महिन्याला फावड्याने खालचं वर करू लागले. ढिगात मधोमध एक काठी रोवून ठेवायची, उपसून तिचं टोक हाताला लावायचं. कोमट लागलं तर आत काम चाललं आहे, गार लागलं तर ढीग झोपला, हलवा त्याला.

दुसऱ्या वर्षी खालून काळं, भुसभुशीत खत निघालं. पान कुठलं, देठ कुठला, काही ओळखू येईना. त्यांनी ते बागेच्या जमिनीत खणून मिसळलं, आणि पावसाळ्यानंतर त्या विटांच्या चुऱ्यातून गांडुळं निघाली. झेंडू आला, मेथी आली, एक मोगराही धरला. बाबू स्टीलच्या वाटीत मूठभर खत घेऊन घरात यायचे आणि शरदिनीबाईंना लांबूनच दाखवायचे. वास घ्यायची त्यांना मनाई होती, त्यामुळे वास कसा येतो ते बाबू सांगायचे. सांगताना त्यांची भाषा अर्जाचीच असायची, पण शरदिनीबाईंना तेवढ्यात कळायचं.

त्या थंडीत त्यांना एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. हे खरं. पण त्याची दुसरी बाजूही होती. बाबू आता नुसते अर्ज देत नव्हते. कुणी चार पानं पेटवलेली दिसली की बादली घेऊन धावायचे. रात्रपाळीचा म्हातारा चौकीदार पहाटे शेकत बसला होता, त्याच्या शेकोटीवरही यांनी पाणी ओतलं. त्याच्या अंगातल्या थंडीचा विचार करायला यांना वेळ नव्हता. मिसिरांनी रागावून येणं बंद केलं, मग त्यांच्या बायकोनेही. हळूहळू शरदिनीबाईंकडे कुणी येईनासं झालं. ज्या बाईच्या पायऱ्यांवर चपलांचा खच असायचा ती दिवसभर खिडकीशी एकटी बसायला लागली.

एकदा त्या म्हणाल्या, “अहो, माझ्यासाठी भांडता हे कळतं मला. पण लोक आपलेच आहेत ना. थोडं मिसळून राहा.”

बाबूंना ते ऐकू आलं, पण पटलं नाही.

यंदाच्या वसंत पंचमीला हे घडलं. बाबूंचा ढीग तेव्हा छातीएवढा झाला होता. खाली मागच्या वर्षीचं ओलं, अर्धवट कुजलेलं, वर या हिवाळ्याचं नवं. त्या सकाळी त्यांनी तो सगळा हलवला. आता काठी रोवायची होती, तर काठी नाही. थंडीच्या दिवसांत त्यांच्या तीन बांबूच्या काठ्या कुणीतरी शेकोटीला पळवल्या होत्या. बाबूंनी डोकं लढवलं. नाल्याच्या कडेला एरंड माजला होता. त्यातला एक सरळसोट, पुरुषभर उंचीचा त्यांनी तोडला. आतून पोकळ, म्हणजे हवाही जाईल. आणि शेंड्याची पानं मुद्दाम ठेवली, कारण हिरवी काठी जाळायला कोण नेतो? तो एरंड त्यांनी ढिगाच्या मधोमध खोल रोवला, हात झटकले आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

आता, एरंड आणि होळी हे काही बाबूंना माहीत नव्हतं असं नाही. अकोटला त्यांच्या लहानपणीही होळीच्या मधोमध एरंडच उभा करत. पण तो होळीच्या दिवशी, फाल्गुनातल्या पौर्णिमेला, दुपारी. माघातल्या थंडीत होळीचा विचार तिकडे कुणाच्या डोक्यात येत नाही. बनारसला मात्र वसंत पंचमीलाच एरंड रोवतात. इथे त्याला रेंड म्हणतात. तो रोवला की तिथे होळी ठरली. पुढचे चाळीस दिवस ज्याला जे हाती लागेल ते त्याच्याभोवती आणून टाकायचं, आणि टाकलेलं परत काढायचं नाही. चाळीस वर्षं बनारसला राहून वैराळेबाबूंना हे ठाऊक नव्हतं. कुणाच्या सणात ते कधी गेलेच नव्हते.

त्यात यंदा आणखी एक गोष्ट होती. वसाहतीची होळी दर वर्षी तिठ्यावर पेटायची. तिठ्याचा रस्ता नुकताच नवा झाला होता आणि तिथे होळी नको असं ठरलं होतं. जागा कुठे करायची यावर लोक डोकं खाजवत असतानाच त्यांना बागेच्या कोपऱ्यात, पानांच्या केवढ्या तरी ढिगात, हिरवागार रेंड उभा दिसला. तोही कुणी रोवलेला, तर बादलीवाल्या बाबूंनी. लोक थक्कच झाले. मिसिर म्हणे गहिवरले होते.

नेमकी त्याच संध्याकाळी थंडीची लाट आली आणि शरदिनीबाईंचा श्वास बिघडला. आठ दिवस बाबू घरातून हलले नाहीत. दर चार तासांनी वाफेचं मशीन लावायचं, पाठ चोळायची, तांदळाची पेज भरवायची. नवव्या दिवशी त्यांना बरं वाटलं तेव्हा बाबू ढीग बघायला गेले.

ढिगावर एक मोडकी खाट होती. आंब्याच्या वाळक्या फांद्या, नारळाच्या शेंड्या, शेणाच्या गोवऱ्यांच्या माळा, दोन टायर, प्लास्टिकच्या पिशव्या. एरंडाला हळद लावून सूत गुंडाळलेलं. बाबूंनी ढिगाला एक चक्कर मारली. मग तरातरा मिसिरांच्या घरी गेले आणि दारातूनच ओरडायला लागले.

मिसिरांनी सगळं ऐकून घेतलं. बाबूंनी ढीग मनाने दिलेला नाही हे कळून त्यांचाही चेहरा उतरला असावा. ते शांतपणे म्हणाले, “गड़ा हुआ रेंड नहीं उखड़ता, बाबूजी. और गाड़ा तो आप ही ने है.”

टायर आणि प्लास्टिक काढून टाकतो, एवढं मिसिरांनी कबूल केलं आणि त्याच दुपारी स्वतः उभं राहून काढायला लावलं. बाबूंनी आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच ढिगापाशी गेले. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी एरंड धरला. एक हिसका दिला असता तर निघाला असता. आयुष्यभर देवाधर्माला हात न लावलेला हा माणूस, पण त्याचा हात चालेना. घरात आजारी माणूस आहे, आणि रोवलेलं, पुजलेलं उपटायचं? तिला काही झालं तर? त्यांनी एरंड सोडला आणि घरी येऊन चहा ठेवला.

शरदिनीबाईंनी काही विचारलं नाही, आणि त्यांनीही यातलं अक्षर सांगितलं नाही. उगाच घोर नको. त्यांनी आपल्या मनाशी हिशेब मांडला. होळीच्या वेळी हिला लखनौला हिमानीकडे न्यायचं. मुलीचं घर बाराव्या मजल्यावर, तिथे धूर पोचत नाही. तीन दिवस राहायचं. तोवर इथलं सगळं विझेल. वरचं लाकूड जळून जाईल, खालची पानं ओली आहेत, ती काय पेटणार? उलट ती वाचतील, राख तेवढी झटकून टाकायची. हा हिशेब मांडताना त्यांच्या मनात बायको जेवढी होती तेवढाच तो ढीगही होता. पुढे हेच त्यांना सगळ्यात जास्त खुपलं.

लखनौला चाललो म्हटल्यावर शरदिनीबाई हसल्या. तुम्ही सगळं ठरवून ठेवलंत तर, एवढंच म्हणाल्या. हिमानीकडे तीन दिवस बरे गेले. नातीने आजीला लांबून गुलाल दाखवला आणि हिंदीत काहीबाही सांगून पोट धरून हसवलं.

चौथ्या दिवशी सकाळी ते परत आले. रिक्षा वळली तेव्हा बाबूंना कोपऱ्यात राखेचा करडा ढिगारा दिसला. ज्वाळा नाही, ठिणगी नाही. झालं एकदाचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी कुलूप काढलं, बायकोला पलंगावर बसवलं आणि हवा यावी म्हणून खिडकी उघडली.

ओली पानं पेटत नाहीत हे खरं होतं. ती धुमसतात. वरून राखेचं पांघरूण आणि आत चार दिवस चाललेली आच. बाबू स्वयंपाकघरात पाणी तापवत होते. पंधरा मिनिटांनी त्यांना खोलीतून पेला पडल्याचा आवाज आला. खोलीत निळसर धूर खाली बसला होता. शरदिनीबाईंचे ओठ जांभळे पडले होते आणि त्या हाताने खिडकीकडे दाखवत होत्या.

त्यांना दवाखान्यात कुणी नेलं, तर बाबूंची हाक ऐकून धावत आलेल्या मिसिरांनी. त्यांचीच गाडी, तेच चालवायला. नंतर कळलं की बाबू दवाखान्याच्या बाकावर बसलेले असताना मिसिर परत वसाहतीत गेले आणि पेटत्या होळीवर पाणी टाकायचं नसतं हे माहीत असून, म्हाताऱ्या चौकीदाराला बरोबर घेऊन दुपारभर बादल्या ओतत राहिले. फावड्याने ढीग फोडला तेव्हा आत पानं निखाऱ्यासारखी लाल होती.

सात दिवसांनी शरदिनीबाई घरी आल्या, पण एकट्या नाही. बरोबर ऑक्सिजनचं मशीन आलं. दिवसातले सोळा तास नळी नाकाला लावायची, ती कायमची. मशीनचा घरघर आवाज त्या लहानशा घरात भरून राहिला. त्या आवाजात बाबूंना झोप लागत नव्हती, आणि तो थांबला तर ते दचकून उठत होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. ते पलंगाशी बसून एकदम बोलायला लागले. या लोकांनी आपला घात केला, तो मिसिर, ती कमिटी, मी एकेकाला बघून घेतो, कलेक्टरकडे जातो. शरदिनीबाईंनी हात वर केला तेव्हा ते थांबले. आता त्यांना एका दमात चार-पाच शब्दच जमत, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकायला थांबावं लागे.

“त्यांना कशाला बोलता?” त्या म्हणाल्या. “पंचमीला तुम्ही एरंड रोवलात, तेव्हा मी खिडकीतच होते.”

नीट ऐकायला बाबू जवळ सरकले.

“मला माहीत आहे इथली रीत. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. म्हटलं, सहा वर्षांत पहिल्यांदा… यांनी आपणहून लोकांना काही दिलं. तेही आपला ढीग.” त्यांनी दम घेतला. “म्हणून मी काही बोलले नाही. आणि मला लखनौला नेलंत. सगळं केलंत तुम्ही. खिडकीचं तेवढं चुकलं.”

वैराळेबाबूंच्या तोंडाशी शब्द आले होते. अगं, ते आत ऊब आहे का बघायला होतं. मी कुणाला काही दिलं नाही. तू एक शब्द विचारला असतास तर मी तेव्हाच उपटून फेकला असता. यातला एकही शब्द त्यांनी बाहेर काढला नाही. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते तिला त्यांच्याकडून चाळीस वर्षांत मिळालेलं नव्हतं, आणि ते खोटं होतं. त्यांना आपली शरम वाटली, एवढी की मान वर करवेना.

त्याच संध्याकाळी मिसिर आणि त्यांची बायको दाराशी आली. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मिसिरांचे डोळे मशीनवर गेले आणि तिथून हलेनात. ते हात जोडून म्हणाले की भाभीजी, आमच्या होळीमुळे तुमचं हे झालं.

शरदिनीबाईंनी नळी जरा सारखी केली. “आपकी क्या गलती, मिसिरजी? इन्होंने तो अपने मन से दिया था.”

मिसिरांनी बाबूंकडे बघितलं. दारात उभं राहून ओरडणारे बाबू त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. बाबूंनी खाली बघितलं. कमिटीच्या माणसाने आता एक वाक्य बोलायचं होतं आणि सगळं उघडं पडणार होतं.

“हाँ भाभीजी,” मिसिर म्हणाले. “बाबूजी खुद आए थे हमारे घर. कहने.”

शरदिनीबाई हसल्या आणि मिसिरीणबाईंना पलंगावर शेजारी बसायची खूण केली. बाबूंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढून मिसिरांपुढे ठेवली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्यांना एवढंच जमलं, “बैठिए.” मग ते आत गेले आणि त्यांनी चार कपांचं आधण ठेवलं.